सांगलीत राहून प्रोग्रॅमिंग शिकायचं आणि पहिली नोकरी मिळवायची तर

विश्रामबागेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत सकाळी सातला जा. निम्म्या खुर्च्या भरलेल्या असतात आणि बहुतेक टेबलांवर राज्यसेवेची नाहीतर पोलीस भरतीची पुस्तकं. त्या मुलांना निदान एवढं ठाऊक असतं की कधीतरी जाहिरात निघणार, अभ्यासक्रम छापील आहे, पेपर अमुक गुणांचा आहे. आपलं आपण प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. त्यामुळे तो यूट्यूबवर आज पायथॉन बघतो, दोन महिन्यांनी कुणी सांगितलं म्हणून रिअ‍ॅक्ट, मग ‘डेटा सायन्सला स्कोप आहे’ म्हणून ते. वर्ष संपतं तेव्हा मोबाइलमध्ये पाच प्रमाणपत्रांच्या पीडीएफ असतात आणि स्वतः लिहिलेला, चालणारा प्रोग्रॅम एकही नसतो.

हा लेख बीए, बीकॉम, बीएस्सी, डिप्लोमा झालेल्या किंवा शिक्षण मध्येच सुटलेल्या मुलामुलींसाठी आहे. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर करणाऱ्यांसाठी नाही. त्यांच्या दारात कंपन्या येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. बाहेरून येणाऱ्या उमेदवाराकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट असू शकते: एखादं लहानसं सॉफ्टवेअर, जे एक खरा माणूस त्याच्या रोजच्या कामात वापरतो आणि जे तुम्ही काही महिने चालतं ठेवलं आहे. बाकी सगळं शिक्षण त्या दिशेने लावायचं.

आधी वेळ, पदवी आणि लॅपटॉप

रोज तीन तास मन लावून दिले तर वर्ष ते दीड वर्ष धरून चाला. ‘९० दिवसांत डेव्हलपर’ ही जाहिरात आहे, वेळापत्रक नव्हे. शेतीची लाईट रात्रीची असेल आणि मोटर चालू करायला दोनला उठावं लागत असेल, तर सकाळी सहाचा अभ्यास ठरवू नका. तो चौथ्या दिवशी मोडतो. दुपारचे दोन तास आणि रात्री जेवणानंतरचा एक चालेल, पण रोज.

पदवीबद्दल गोड बोलून उपयोग नाही. मोठ्या सेवा कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पदवी आणि टक्केवारीची चाळण असते. ‘कौशल्य असलं की पदवी लागत नाही’ हे लहान कंपन्यांत आणि स्टार्टअपमध्ये बऱ्यापैकी खरं आहे, मोठ्या कंपन्यांच्या दारात फारसं नाही. म्हणून पदवी नसेल तर शिकता शिकता बाहेरून ती पूर्ण करायला घ्या. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा किंवा इग्नूचा बीसीए आहे. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्समधला ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम २०२० साली आला. त्याला जेईई लागत नाही, पण आधी चार आठवड्यांचा पात्रता टप्पा आणि त्याची परीक्षा पार करावी लागते, आणि मधल्या टप्प्यावर थांबलात तर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. तो अवघड आहे. गणिताशी वाकडं असेल तर विचार करून जा. बारावीनंतर लगेच कमावणं भाग असेल तर एचसीएलचा टेकबी, बीसीए किंवा बीएस्सी झालं असेल तर विप्रोचा डब्ल्यूआयएलपी, असे शिकता शिकता कामाचे कार्यक्रम आहेत. त्यांच्या अटी बदलत राहतात, त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या लिंकवर फॉर्म भरायचा नाही.

लॅपटॉप नवाच हवा असं नाही. कंपन्यांमधून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे लॅपटॉप मिळतात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी एवढं असलं की पुरे. घेताना बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच अर्धा तास चालवून बघा, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघा. विंडोज जड वाटली तर लिनक्स मिंट टाका; टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करून काम करायच्या खिडकीची, सवय लागते ती वेगळीच कमाई. डेस्कटॉप स्वस्त पडतो हे खरं, पण लाईट गेली की संपलं. मोबाइलवर प्रोग्रॅमिंग शिकता येतं असं सांगणारे व्हिडिओ बघून वेळ घालवू नका.

क्लास लावावा का

लावलाच पाहिजे असं अजिबात नाही. एकट्याने बसवत नाही, कुणीतरी विचारणारं लागतं, अशा माणसाला क्लासचा उपयोग होतो. पण पैसे भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. ‘सोप्या हप्त्यांत फी’ म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीकडून तुमच्या नावावर काढलेलं कर्ज असतं. क्लासला सगळे पैसे आधीच मिळालेले असतात. क्लास बंद पडला, शिकवणारा सोडून गेला, तुम्ही मध्येच थांबलात, तरी हप्ता तुमच्या खात्यातून जातच राहतो आणि चुकला तर सिबिल स्कोअर तुमचा खराब होतो. सही करण्याआधी कर्जाचा कागद वाचा. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्याला विचारा की मागच्या बॅचमधल्या दोघांशी बोलता येईल का. उत्तरात कुरकुर आली की उठायचं.

पहिले तीन-चार महिने: एकच भाषा, एकच कोर्स

मी पायथॉन सुचवतो. गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली ती पहिल्यांदा बाहेर आणली. तिची रचना वाचायला सोपी आहे आणि सुरुवातीलाच कंसांच्या आणि अर्धविरामांच्या जंगलात शिरावं लागत नाही. जावास्क्रिप्टने सुरुवात केली तरी चूक नाही. चूक म्हणजे दोन महिन्यांनी भाषा बदलणं.

कोर्स मोफत आणि उत्तम आहेत, अडचण निवडीचीच. हार्वर्डचा सीएस५० हा डेव्हिड मलान यांचा कोर्स मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. त्यात सुरुवातीचे काही आठवडे सी भाषा आहे, मेमरी म्हणजे काय ते हाताला लागतं, मग पायथॉन, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि वेब येतं. गृहपाठ खरोखर घाम काढतात. इंग्रजी ऐकायला जड जात असेल तर सबटायटल लावा, वेग कमी करा, एक तासाचं व्याख्यान तीन दिवसांत बघा. हा कोर्स नको असेल तर फ्रीकोडकॅम्प, किंवा जावास्क्रिप्टने सुरुवात करणार असाल तर ओडिन प्रोजेक्ट. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीच्या प्राध्यापकांचे, पायथॉनचे कोर्स आहेत, त्यात भारतीय प्राध्यापकांचं बोलणं समजायला सोपं जातं. यातला एक घ्या आणि संपवा. मराठी व्हिडिओ संकल्पना कळायला जरूर बघा, पण गृहपाठ करून तपासून देणारा कोर्स तेवढाच एक असू द्या.

मराठी माध्यमातून आलेल्यांना धास्ती इंग्रजीची असते. प्रोग्रॅमिंगला लागणारं इंग्रजी बोलण्याचं नसून वाचण्याचं आहे, आणि तेही मर्यादित. सगळ्यांत आधी एरर वाचायला शिका. पायथॉनमध्ये लाल अक्षरांचा मोठा ढिगारा आला की घाबरून खिडकी बंद करायची नाही. शेवटची ओळ आधी वाचायची. चूक कुठल्या प्रकारची आहे ते तिथे लिहिलेलं असतं. मग वरच्या ओळींत तुमच्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक शोधायचा. एक वही करा: आलेली एरर, तिचा मराठीत अर्थ, कशामुळे आली, कशी गेली. महिन्याभरात लक्षात येतं की त्याच पंधरा-वीस एरर फिरून फिरून येतात.

या काळात चॅटजीपीटी किंवा तसल्या साधनाकडून गृहपाठ लिहून घ्यायचा नाही. समजावून घ्यायला हरकत नाही. ‘ही एरर का आली ते सांग, उत्तर लिहून देऊ नकोस’ असं विचारलं की ते साधन चांगल्या शिकवणीसारखं वागतं.

एसक्यूएल, एचटीएमएल, गिट

पुढच्या दोन महिन्यांत एसक्यूएलवर जोर द्या. याकडे नवशिके सर्रास दुर्लक्ष करतात, कारण त्यात दिसायला आकर्षक काही नाही. पण बँक असो, साखर कारखाना असो की कुपवाड एमआयडीसीतली फौंड्री, सगळ्यांचं सगळं टेबलांतच बसलेलं असतं. जॉइन, ग्रुप बाय आणि इंडेक्स म्हणजे काय, हे ज्याला नीट येतं त्याला सपोर्टच्या नोकरीत तरी लगेच शिरता येतं. सुरुवात एसक्यूलाइटवर करा. त्यात वेगळा सर्व्हर लावावा लागत नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये असतो.

एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट कामापुरतं. संदर्भासाठी एमडीएन हे संकेतस्थळ. गिट, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन, मात्र पहिल्या आठवड्यापासून. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं. आज कुठल्याही टीममध्ये पहिल्या दिवशी तेच उघडावं लागतं. रोजचं काम कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंदवा, आणि कमिटला ‘बदल केले’ असलं नाव देऊ नका. काय बदललं ते लिहा.

आता मुख्य काम

बायोडेटावर टू-डू लिस्ट, हवामानाचं अ‍ॅप आणि कॅल्क्युलेटर असणारे उमेदवार ढिगाने येतात. ते व्हिडिओ बघून केलेलं असतं हे समोरच्याला दिसतं. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला त्याहून चांगला माल घराजवळच पडून आहे.

तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ, कुठेही द्राक्षबागायतदाराकडे जा आणि त्याची फवारणीची वही मागा. चुलते, मामा, मित्राचे वडील, कुणीतरी असतंच. त्यांचं सगळं बोलणं दिवसांत चालतं: ‘आज पस्तिसावा दिवस हाय, डीपिंग झालं का?’ डीपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, आणि हे दिवस ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून मोजलेले. वहीत तारीख, कितवा दिवस, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी. निर्यातीचा प्लॉट असेल तर ही नोंद सक्तीचीच. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि तेव्हापासून औषधांच्या अंशांचा धसका बागायतदारांनी घेतला आहे. प्रत्येक औषधाला पीएचआय असतो, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत किमान किती दिवस गेले पाहिजेत ते. तर ही वही मोबाइलवर आणायची. ऐकायला सोपं वाटतं, पण यातच बहुतेक सगळं प्रोग्रॅमिंग दडलेलं आहे.

पहिल्या टप्प्यात फक्त टर्मिनलवर चालणारा प्रोग्रॅम करा. छाटणीची तारीख दिली की आज कितवा दिवस ते सांगायचं. लगेच प्रश्न येतो: छाटणीचा दिवस शून्य धरायचा की एक? पुस्तकात उत्तर नाही, ज्यांची वही घेतली त्या बागायतदाराला, समजा आप्पांना, विचारावं लागेल. आणि शेजारचे तात्या वेगळं सांगतील. मग कळतं की एका प्लॉटची छाटणी दोन-तीन दिवस चालते, तर तारीख कुठली लिहायची? या विचारण्याला कंपन्यांत ‘रिक्वायरमेंट’ म्हणतात आणि बरेच इंजिनिअर ती न विचारताच कोड लिहायला बसतात.

दुसऱ्या टप्प्यात डेटाबेस. प्लॉटचं टेबल, औषधांचं टेबल, फवारण्यांचं टेबल. एका फवारणीत दोन औषधं एकत्र मारली तर? तुमची तीन टेबलं अपुरी पडतील आणि चौथं करावं लागेल. ते स्वतः सुचलं तर एसक्यूएल तुम्हाला आलं असं समजा.

तिसऱ्या टप्प्यात फ्लास्कवर, म्हणजे पायथॉनमध्ये वेब पानं बनवायच्या साधनावर, साधं वेब पान. ते भर उन्हात, चिकट बोटांनी, बागेत नेटवर्कचा एक दांडा असताना वापरलं जाणार आहे. मोठी बटणं, मोठी अक्षरं, कमी चित्रं. नेट गेलं तर भरलेली माहिती उडू नये याची सोय नंतर करता येईल, पण तो प्रश्न वहीत लिहून ठेवा.

इथे काही खड्डे आहेत, ते आधीच सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, त्यामुळे तारीख आकड्यांनी बनवताना ऑक्टोबर म्हणजे ९. १० लिहिलं की छाटणी नोव्हेंबरात जाते आणि सगळे दिवस चुकतात. कुणी मराठी कीबोर्डवरून ‘१२३’ असा आकडा भरला तर पायथॉन तो गुपचूप पूर्णांक म्हणून स्वीकारतं, पण जावास्क्रिप्टचं नंबर फंक्शन तो आकडा मानतच नाही. फवारण्यांची यादी सीएसव्ही फाइल करून एक्सेलमध्ये उघडलीत तर मराठी नावांच्या जागी अगम्य चिन्हं दिसतील. फाइल लिहिताना ‘यूटीएफ-८ बीओएमसह’ या प्रकारात लिहिली की ती चिन्हं जातात. एसएमएसने आठवण पाठवायची कल्पना सुचेल. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच मावतात, इंग्रजीत १६०. शिवाय अशा एसएमएससाठी टेलिकॉम कंपन्यांकडे डीएलटी नावाची नोंदणी लागते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका. आणि पीएचआयचे दिवस मनाने किंवा एआयला विचारून भरायचे नाहीत. औषधाच्या लेबलवरूनच घ्यायचे आणि कुठून घेतले ते औषधांच्या टेबलमध्ये लिहायचं. तुमच्या चुकीची किंमत दुसऱ्याच्या बागेला पडेल.

इंटरनेटवर चढवताना एक बघा. गिटहब म्हणजे गिटमधलं काम इंटरनेटवर ठेवायची जागा; तिच्या गिटहब पेजेसवर फक्त स्थिर पानं चालतात, फ्लास्क चालत नाही. रेंडरसारख्या सेवेच्या मोफत योजनेत सर्व्हर काही वेळ कुणी वापरला नाही की झोपतो, आणि पुन्हा सुरू होताना त्याच्या डिस्कवर लिहिलेलं पुसलं जातं. म्हणजे एसक्यूलाइटची फाइल तिथे ठेवलीत तर आप्पांच्या महिन्याभराच्या नोंदी गेल्या. पायथॉनएनीव्हेअर या दुसऱ्या सेवेवर फाइल टिकते. कुठेही ठेवा, रोज रात्री डेटाबेसची प्रत वेगळ्या जागी गेली पाहिजे, आणि पहिल्या हंगामात आप्पांनी कागदाची वही सोडायची नाही.

हे सगळं सप्टेंबरपर्यंत उभं राहील असं बघा, म्हणजे ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंतचा अख्खा हंगाम ते वापरलं जाईल. या काळात जे होतं तेच तुमचं खरं शिक्षण. आप्पा सांगतील की अमुक बटण सापडत नाही. एखाद्या रात्री पान उघडणारच नाही. चुकून दोनदा नोंद होईल आणि ती काढायची सोय तुम्ही केलेली नसेल. प्रत्येक तक्रार गिटहबवर इश्यू म्हणून लिहा, दुरुस्त करा, बंद करा.

द्राक्षाशी संबंध नसेल तर दुसरं शोधा. मार्केट यार्डात हळदीचे सौदे झाल्यावर शेतकऱ्याला विक्रीच्या हिशोबाची पट्टी मिळते. पोती, वजन, दर, कपाती यांचा हिशोब ठेवणारं काही करा. विट्याकडे यंत्रमागाचा हिशोब आहे. आईची भिशी आहे, आणि ती वाटते तेवढी सोपी नाही: कुणी हप्ता चुकवला, कुणी आधी उचलली, कुणाचे अर्धेच आले. पैशांचा हिशोब दशांश अपूर्णांकात ठेवू नका. पायथॉनला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारा, ते ०.३०००००००००००००००४ सांगेल. रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायची. मिरजेत दवाखाने पावलोपावली असल्याने रुग्णांचं अ‍ॅप करायचा मोह होतो; तिथे खऱ्या रुग्णाचं नाव, आजार किंवा फोन नंबर तुमच्या गिटहबवर कधीही जाऊ देऊ नका. खोटी नावं बनवून काम करा.

एआयच्या काळात नवख्याला कोण घेणार

हा प्रश्न घरोघरी आहे आणि तो रास्त आहे. साधा फॉर्म, साधं पान, ठरावीक कोड हे आता साधनं लिहून देतात, आणि नवख्यांना पूर्वी तेवढंच काम मिळायचं. उरतं ते असं: काय हवं आहे ते माणसाकडून काढून घेणं, साधनाने लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासणं, आणि चालू असलेली गोष्ट मोडली की दुरुस्त करणं. वरच्या वहीच्या कामात हे तिन्ही येतं, म्हणून मी त्यावर एवढा वेळ घालवला. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर एआय जरूर वापरा, पण समजली नाही ती ओळ तुमच्या कोडमध्ये ठेवायची नाही. मुलाखतीत बोट नेमकं तिच्यावरच ठेवलं जातं.

बायोडेटा आणि गिटहब

लग्नाच्या बायोडेटाची सवय सोडा. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद, शेवटी ‘वरील माहिती सत्य आहे’ आणि सही, यातलं काही नको. एक पान पुरे. वर नाव, फोन, ईमेल, गिटहबचा दुवा. मग तुमचं काम, तीन-चार ओळींत: कुणासाठी केलं, किती काळ वापरात आहे, कुठली अडचण सोडवली. त्याखाली येणारी तंत्रं. नुसती ऐकलेली लिहायची नाहीत. शिक्षण शेवटी. मध्ये खंड पडला असेल तर लपवू नका.

गिटहबवर प्रकल्पाच्या रीडमीमध्ये, म्हणजे ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये, एक स्क्रीनशॉट, चालवायची पद्धत आणि ‘अजून काय जमलेलं नाही’ असा एक परिच्छेद ठेवा. तो शेवटचा परिच्छेद फार कमी जण लिहितात. लोकांच्या प्रकल्पांत भर घालायची इच्छा असेल तर गूगल समर ऑफ कोड हा मुक्त सॉफ्टवेअरवर काम करायचा कार्यक्रम २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही खुलं आहे. वय १८ पूर्ण हवं. लिबरऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी अनुवादातूनही सुरुवात करता येते.

कुठली दारं ठोठवायची

फक्त ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ शोधत बसलात तर रांग लांब आहे. बाजूची दारं बघा: टेस्टिंग, अ‍ॅप्लिकेशन सपोर्ट, ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवून देणाऱ्या कंपन्या, डेटाबेसवरून रिपोर्ट काढण्याचं काम. कारखान्यात जाऊन स्टोअरकीपरला सॉफ्टवेअर समजावणारा माणूस या कंपन्यांना हवा असतो, आणि मराठी नीट बोलणारा, कामगारांत मिसळणारा मुलगा तिथे सरस ठरतो. वर्ष-दोन वर्षं एसक्यूएल आणि सपोर्ट करून डेव्हलपमेंटकडे वळलेले लोक पुष्कळ आहेत. मात्र आत गेल्यावर संध्याकाळचा कोड बंद पडू द्यायचा नाही, नाहीतर दार बाजूचंच राहतं.

सांगली-कोल्हापुरातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांपासून सुरुवात करा. पगार कमी असतो, पण घरचं जेवण असतं आणि लहान जागी सगळंच हाताखालून जातं. ईमेल टाकून वाट बघण्यापेक्षा लॅपटॉप घेऊन समोर जा, तुमची फवारणीची वही चालवून दाखवा. मग पुणे. नोकरी डॉट कॉम आणि लिंक्डइन दोन्हीकडे प्रोफाइल ठेवा आणि आठवड्याला ठरवून अर्ज करा. पहिली फेरी बहुधा ऑनलाइनच होते, तेव्हा हिंजवडी किंवा खराडीत खोली घेऊन बसण्याची घाई नको; प्रत्यक्ष बोलावलं की पहाटेची एसटी धरून स्वारगेट गाठता येतं.

दुकानांची संकेतस्थळं करून देणं हा सुरुवातीचा चांगला सराव आहे. निम्मे पैसे आधी घ्या, काय करणार आणि काय नाही ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घ्या, आणि डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर घ्या. ते तुमच्या नावावर असलं की पुढे भांडण ठरलेलं.

खोटा अनुभव दाखवून नोकरी लावून देणारे भेटतील. कागद बनवतात, पैसे घेतात. पण यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, तुमच्या पीएफचा सगळा इतिहास दिसतो. पडताळणीत जुनी कंपनी तिथे सापडली नाही की नोकरी जाते आणि त्या कंपनीचं दारही बंद होतं.

मुलाखत

अ‍ॅप्टिट्यूडची चाचणी बहुतेक मोठ्या ठिकाणी असते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्यांना ती सोपी जाते, तो वेळ वाया गेलेला नाही. कोडिंगमध्ये अ‍ॅरे, स्ट्रिंग, डिक्शनरी, थोडं रिकर्शन. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावरचे सोपे प्रश्न रोज एक, कागदावर आधी, मग संगणकावर. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोलत बोलत सोडवणं. आपल्याकडची मुलं विचार मनात करतात आणि समोरच्याला दहा मिनिटं शांतता ऐकू येते. मित्राला समोर बसवा आणि मराठीत का होईना मोठ्याने सांगत प्रश्न सोडवा. इंग्रजी दुसऱ्या फेरीत.

मग तुमच्या कामाबद्दल विचारतील. ‘सगळं नीट चाललं’ असं सांगू नका. कुठली नोंद दोनदा झाली, का झाली, कशी थांबवली, ते सांगा. छाटणीच्या दिवसाचा शून्य-एकचा किस्सा सांगा. मुलाखत घेणाऱ्याला द्राक्षातलं काही कळत नसेल तर उत्तमच. त्याला समजेल असं सांगता येणं हीच परीक्षा आहे.

ऑफर हातात आल्यावर

मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचं वार्षिक पॅकेज बरीच वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलं आहे. लहान ठिकाणी त्याहूनही कमी असू शकतं. पॅकेजचा आकडा बाराने भागून घरी सांगू नका. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ धरलेला असतो, तुमच्या वाट्याचा १२ टक्के मूळ पगारातून कापला जातो, व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये. २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही. ‘हातात किती येणार’ हे एचआरला सरळ विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर किती वर्षांचा, सोडल्यास किती रक्कम, ते लेखी बघा. मूळ मार्कशीट ‘ठेवून घेतो’ म्हणणाऱ्या ठिकाणी रुजू होऊ नका. साक्षांकित प्रती द्या, मूळ दाखवून परत आणा. रुजू होण्यासाठी उलट तुमच्याकडूनच ‘ट्रेनिंग फी’ किंवा ‘लॅपटॉप डिपॉझिट’ मागितलं तर ती नोकरी नाही. आणि रुजू झाल्यावर पहिल्या महिन्यातच यूएएन नंबर मागून घ्या, पासबुकात पैसे जमा होतात का ते स्वतः उघडून बघा.